माळ्यावरची पावलं

कॅम्प-१, भिलाई, जि. दुर्ग
१६ नोव्हेंबर १९५८

तीर्थस्वरूप मामाजींना जयाचा, पदर सावरून, वाकून नमस्कार.

पाकिटावर तुमच्या मुलाचं अक्षर नाही हे पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. दसऱ्यापासून हे "उद्या लिवतो, परवा लिवतो" करत आहेत, म्हणून शेवटी मीच लेखणी उचलली. समोर बसून सासऱ्याशी बोलायची आपल्यात रीत नाही. सासूबाई होत्या तेव्हा मी त्यांच्या कानात सांगायची, त्या तुम्हाला मोठ्यानं सांगायच्या, आणि तुम्ही ते आधीच ऐकलेलं असूनही मान डोलवायचात. आता मध्ये त्या नाहीत. म्हणून मध्ये कागद ठेवते.

आम्ही घर बदललं. कारखान्याचं सेक्टरमधलं क्वार्टर ग्रेडप्रमाणे मिळतं आणि यांचा नंबर कधी लागेल ते त्या देवालाच ठाऊक. पण कॅम्पच्या कडेला एक जुनं लाकडी घर मिळालं आहे. आधी इथे एका ठेकेदाराचा इमारती लाकडाचा माल पडायचा. भिंती कुडाच्या, वर कवेलूंचं कौलारू छप्पर, सगळा भार खांबांवर. खाली एकच खोली, पुढे पडवी, मागे चूल. वर माळा आहे, त्यावर ठेकेदाराचे दोरखंड आणि फाटकी पोती. मालक दुर्गला राहतो. तो म्हणाला, काय पाहिजे ते करा, फक्त घर पडू देऊ नका.

तर यांच्या मनात त्या माळ्याची खोली करायची आहे. आम्ही वर राहू, खालची खोली तुमची. शेत शेजारच्या देवाजींकडे बटईनं, अर्ध्या वाट्यानं द्या आणि इकडे या.

श्रावणात, तिसऱ्याच महिन्यात, माझं जे झालं ते तुमच्या कानावर आलं असेल. हे ड्यूटीवर होते. पाळी सुटल्याचा भोंगा वाजेपर्यंत मी एकटी पडून होते, आणि कारखान्याच्या आवाजात माझी हाक शेजारीसुद्धा गेली नाही. तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. भाजी आणली की मीठ आणायला जाते, मीठ आणलं की काड्यापेटी. बायका हसतात. हसू देत. घरात एक मोठं माणूस असावं एवढंच वाटतं.

तुमच्या पायांशी,
जया


मौजा मोहगावटोला, पो. आमगाव
२९ नोव्हेंबर १९५८

सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. अक्षर तेजरामपेक्षा बरं आहे, मात्र त्याहून वाईट अक्षर मी पाहिलेलं नाही, तेव्हा फार फुगून जाऊ नकोस.

माळ्याचं म्हणशील तर ते काम पोरखेळ नाही. माळा पोती ठेवायला बांधलेला असतो. पोतं एकदा ठेवलं की गप बसतं, माणूस बसत नाही. माणूस चालतो, उठतो, भांडतो, पाय आपटतो, आणि तेवढ्या वेळा फळ्यांखालच्या आडव्या कड्यांना हिसका बसतो. त्या कड्या मनगटाएवढ्या असतील तर रात्री कुशीवर वळलात की खाली याल. माझ्या घराचा एकेक खांब मी जंगलातून खांद्यावर आणला आहे, त्यामुळे मला यातलं थोडं कळतं.

शिवाय माझे गुडघे. शिवाय गाय व्यायला झाली आहे. शिवाय देवाजीला शेत दिलं तर तो बांधावर तंबाखू मळत उभा राहील आणि धान बगळे खातील.

श्रावणातलं कळलं होतं. मी तेव्हा यायला हवं होतं. बाईमाणसाच्या अशा वेळी सासऱ्यानं येऊन काय करायचं, असं वाटून थांबलो. जीव सांभाळ.

केवलराम


कॅम्प-१, भिलाई
२१ डिसेंबर १९५८

तीर्थस्वरूप मामाजींना जयाचा नमस्कार.

कड्या मनगटाएवढ्याच होत्या! तुम्ही तिथे बसून कसं ओळखलंत? यांनी प्रत्येक जुन्या कडीच्या बाजूला साल-लाकडाची एकेक नवी कडी चढवली आणि दोघींना बोल्टानं एकत्र आवळलं. मग चंपतभाऊ आणि हे, दोघांनी पोत्यांत वाळू भरून माळ्यावर रचली. चंपतभाऊ यांच्याबरोबर लोखंडी तुळया चढवायच्या कामावर आहेत, भंडाऱ्याकडचेच. वाळू आठवडाभर तशीच ठेवली. मी रोज खालून दोरी ताणून बघत होते, कडी दोरीला टेकते का. टेकली नाही. मग वाळू उतरवून दोघं वर नाचले. अक्षरशः नाचले. माझ्या भाजीत भुसा पडला.

गुडघ्यांची काळजी करू नका, तुम्हाला चढायचंच नाही. चढणार आम्ही. गाय व्याली का?

या घरात मी एकटी असले की खांबांना हात लावत फिरते. एका खांबापासून दुसऱ्या, दुसऱ्यापासून तिसऱ्या. वेड लागलं म्हणाल. पण लाकूड उन्हाळ्या-पावसाळ्यात उभं राहिलं आहे हे हाताला कळलं की थोडा वेळ बरं वाटतं. मग पुन्हा बाहेर जावंसं वाटतं.

जया


मोहगावटोला
१० जानेवारी १९५९

सूनबाईस आशीर्वाद.

गाय व्याली. गोऱ्हा झाला. तेजरामसारखाच आहे, सारखा दोरी ओढतो.

कड्या झाल्या, पण कड्या कोणावर टेकल्या आहेत? मयालीवर, त्या लांब तुळईवर. मयाल कोणावर? खांबांवर. आणि खांब जमिनीत गाडलेले आहेत की दगडावर उभे आहेत? गाडलेले असतील तर बुडाशी उधई, वाळवी लागलेली असणार. वरून खांब नवरदेवासारखा दिसतो आणि आत माती असते. आणि लाकूड कोणतं? ठेकेदार लोक सागवान सांगतात आणि स्वस्तातला साजा लावतात. मला एक छिलका पाकिटात घालून पाठव.

आणखी एक. कवेलूखाली उन्हाळ्यात माणूस भाजून निघतं. वर राहणार कसे? आणि जिना दक्षिणेकडे तोंड करून आहे का? असला तर बदला.

इथे घर शांत आहे. फार शांत आहे. दुपारी मी उगाच गोठ्यात जातो, गोठ्यातून खळ्यात, खळ्यातून परत. तुझी सासू असती तर म्हणाली असती, "एका जागी बसा नं, पायाले का भवरे लागले?" तू लिहिलंस ते खांबांना हात लावायचं, त्यात वेड काही नाही.

केवलराम


कॅम्प-१, भिलाई
२२ फेब्रुवारी १९५९

तीर्थस्वरूप मामाजींना जयाचा नमस्कार.

पत्राला उशीर झाला. इकडे भट्टी पेटली आणि सगळ्या कॅम्पाला सण आला. यांची ड्यूटी कधी दिवसा, कधी रात्री. मी ताट झाकून ठेवते आणि ते नेमके दुसऱ्या वेळी येतात.

सोबत छिलका आहे. खांब दगडावर उभे आहेत. बुडाशी पटाशीनं खरवडून पाहिलं, लाकूड कोरडं आणि टणक आहे. तरी यांनी डांबर फासलं. वर दोन्ही टोकांना झरोके काढले, वारा आरपार जातो. जिन्याचं तोंड पूर्वेला आहे. माळ्याचं चित्रही सोबत आहे, यांनी काढलेलं. पाहा आणि आता काय उरलं ते सांगा.

की मीच सांगू?

मामाजी, गावी असताना मी चिंच काढायला माळ्यावर चढायची, तेव्हा तुम्ही खाली खाटेवर असलात तर उठून अंगणात जायचात. मी उतरेपर्यंत जांभळीखाली उभे राहायचात, ऊन असलं तरी. एकदा तर ताटावरून उठलात. मला वाटायचं, तुम्हाला धुळीचा त्रास होतो. या आठवड्यात माळ्यावर सारवताना एकदम लक्षात आलं. सुनेचे पाय सासऱ्याच्या डोक्यावरून जाऊ नयेत म्हणून तुम्ही उठत होता. मला "उतर" म्हणता येत नव्हतं, म्हणून स्वतः उठायचात.

उधई, साजा, ऊन, दक्षिण, हे सगळं लाकडाचं नाही, माझ्या पायांचं आहे. खरं ना? मी यांना सांगितलं तर हे खो खो हसले. "मंग आधीच सांगाचं नं बाबानं! आमाले फुकट वाळू चढवाले लावली."

यावर उपाय आहे. तुमची खाट ज्या कोपऱ्यात असेल त्याच्या बरोबर वर मी धानाची कोठी ठेवीन. तिथे पाय ठेवायला जागाच उरणार नाही. आता तरी या. घरात मोठं माणूस असायला हवं असे दिवस पुन्हा येतील, न येतील, पण मला आधीपासून धीर हवा आहे.

जया


मोहगावटोला
५ मार्च १९५९

सूनबाईस आशीर्वाद.

तू फार शहाणी झालीस. भिलाईचं पाणी लागलं. सासरा ताटावरून काहून उठला याचा हिशेब सुनेनं ठेवायचा नसतो. मी धुळीमुळेच उठत होतो. तुझ्या पायांना एवढी धूळ यायची की दिवसा दिवा लावावा लागे.

छिलका सागवानाचा आहे. पण सागवानालाही म्हातारपण येतं.

चित्र पाहिलं. त्यात छपराच्या तिरप्या फाट्यांच्या मधली आडवी लाकडं दिसत नाहीत. तेजराम काढायला विसरला, की ती कापून टाकायचा त्याचा विचार आहे? डोकं आपटतं म्हणून लोक ती कापतात. कापू नका. दोन फाटे वर टोकाला, आड्याशी एकमेकांना टेकून उभे असतात, दोन दारुड्यांनी एकमेकांच्या खांद्यावर मान टाकावी तसे. त्यांचे पाय बाहेर सरकायला बघतात. दोघांच्या कमरेला मिळून एकच पंचा बांधला तर ते उभे राहतात. ते आडवं लाकूड म्हणजे तो पंचा. तो सोडलात तर छप्पर खांबांना बाहेर ढकलील.

आणि मला यायचा आग्रह करू नका. कोठी ठेवीन म्हणतेस. म्हणजे माझ्यापायी स्वतःच्या घरात तू कोपरे सोडत चालणार. हे मला नको. मी इथे बरा आहे.

केवलराम


कॅम्प-१, भिलाई
२३ मार्च १९५९

तीर्थस्वरूप मामाजींना जयाचा नमस्कार.

रागावलात. "फार शहाणी" वाचून मला रडू आलं आणि मग धुळीचं वाचून हसू आलं. दोन्ही एकाच वेळी.

आडवी लाकडं काढली. लपवत नाही. एका रविवारी एकीकडून हे आणि दुसरीकडून चंपतभाऊ, करवत ओढत होते. मी जिन्यावर उभी राहून म्हटलं, "मामाजींनी नको लिहिलंय ना?" हे म्हणाले, "आधी उधई झाली, मंग साजा झाला, मंग ऊन झालं. आता हे. बाबाले यायचंच नाही, म्हणून कारनं शोधून राहिले. आमी छपराच्या लोखंडी एवढ्या मोठ्या कैच्या उभ्या करून राहिलो, मले का समजत नाही?" आणि मामाजी, मीही मान हलवली. तुमची कारणं मीच ओळखून दाखवली होती ना, मग हेही त्यांतलंच वाटलं.

पण खोली अशी झाली आहे की बघत राहावं! इकडून तिकडे सरळ चालता येतं. झरोक्यातून भट्टीचा लाल उजेड आत येतो. आम्ही अंथरूण वर नेलं. जागा एवढी मोकळी की मी फिरत राहते.

एक गंमत. परवापासून खालचं दार चौकटीला घासतं आहे, खांद्यानं ढकलावं लागतं. हे म्हणाले, हवा बदलली की लाकूड फुगतं.

आता कोणतं कारण उरलं? रुसवा सोडा आणि या.

जया


(पोस्टकार्ड)
मोहगावटोला, २ एप्रिल १९५९

सूनबाई व चि. तेजराम यांस. कार्ड मिळताच वरून अंथरूण खाली आणा. दार हवेनं घासत नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, फुगत नाही. खांब बाहेर सरकला आहे. दोन्ही बाजूंच्या मयालींना दोर टाकून एकमेकींकडे ओढून बांधा आणि आडवी लाकडं परत बसवा. वाऱ्याचे दिवस आले. आधीची सगळी कारणं खोटी होती. उधई खोटी, साजा खोटा, दक्षिण खोटी. तुझ्या पायांचंच खरं होतं. पण हे खोटं नाही. मी इतकं खोटं लिहिलं की खरं लिहिलं तेव्हा त्याला वजन राहिलं नाही. माझ्यावर रागवा, पण वर निजू नका. केवलराम.


कॅम्प-१, भिलाई
७ एप्रिल १९५९

तीर्थस्वरूप मामाजींना जयाचा नमस्कार.

तुमचं कार्ड आज आलं. मी अंगणात कवेलूंचे तुकडे वेचत होते, पोस्टमन माझ्याकडे न बघता घराकडेच बघत राहिला.

आधी हे वाचा, की आम्ही दोघं ठीक आहोत.

शनिवारी दुपारी वारा सुटला. आकाश तांबडं झालं, सगळ्या कॅम्पाचे पत्रे वाजायला लागले. हे ड्यूटीवर. मी रोज त्या वेळी वर पडलेली असते. त्या दिवशी सकाळपासून मळमळत होतं म्हणून मागच्या दारात हवेला येऊन बसले होते. छपराखाली वारा शिरला आणि घरानं आवाज केला, म्हातारं माणूस उठताना करतं तसा. मग आड्याजवळ एक फट पडली आणि फटीतून आकाश दिसलं. एका बाजूचे सगळे कवेलू घसरत आमच्या अंथरुणावर आले. पुढचा एक खांब दगडावरून अर्धा खाली उतरला. घर पडलं नाही, पण वाकून उभं आहे.

मी हाक मारली. या वेळीही कोणाला गेली नाही.

अंथरुणावर माझी उशी आहे त्या जागी कवेलूंचा एवढा ढीग आहे की हे आले, त्यांनी तो पाहिला आणि जिन्यावर मटकन बसले. मला शोधायला पुढे येईनात. मी मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा ओरडले. काल रात्री एवढंच म्हणाले, "बाबानं लिवलं होतं."

मान मीही हलवली होती, मामाजी. लाकडाचं तुम्ही सांगत होतात आणि मी माणसाचं ओळखायला गेले. सध्या चंपतभाऊंच्या पडवीत निजतो. या म्हणायला आता तोंड नाही. येऊ नका असंही लिहवत नाही.

जया


याच घरात, चुलीपाशी
२८ जून १९५९

तीर्थस्वरूप मामाजींना जयाचा नमस्कार.

एका घरात राहून पत्र लिहिते याला लोक हसतील, पण तुम्ही "सोमवारच्या पॅसेंजरनं निघतो" असं यांना सांगितलंत, ते मी भिंतीमागून ऐकलं. सासूबाई आज असत्या तर मी त्यांच्या कानात बोलले असते. म्हणून हा कागद तुमच्या चहाच्या पेल्याखाली ठेवते.

वैशाखात तुम्ही आलात तो दिवस मी विसरणार नाही. खांद्यावर करवत, हातात पिशवी, आणि घरात पाय ठेवायच्या आधी बाहेरूनच एकेका खांबाला हात लावत फिरलात. हे तुमच्या मागे मागे, लहान होऊन. मग म्हणालात, "तुमच्याकडे ते साखळीचं यंत्र असते नं, लोखंड वढाचं? ते आन." यांनी चेनपुली आणली. दोन मयालींच्या मध्ये साखळी ताणली आणि हे साखळीचा एकेक दुवा ओढत गेले, तुम्ही दगडाशी बसून खांबाचं बूड बघत राहिलात, "अजून... अजून... थांब." खांब दगडावर परत चढला तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलात. मी चुलीमागून पाहिलं. साखळी एकट्या तुमच्यानं ओढवली नसती आणि थांब कुठे म्हणायचं ते यांना कळलं नसतं.

आडवी लाकडं पुन्हा बसली. त्यांवर यांचं कपाळ रोज आपटतं. मी तिथे लाल चिंधी बांधली आहे, तरी आपटतं. आपटू दे.

पण काम झाल्यापासून तुमची पिशवी खुंटीवर भरलेली आहे. तुम्ही पडवीत निजता, पडवीत जेवता. पावसानं झोडपलं तेव्हा खाट आत घेतलीत, पण मी जिना चढायला लागले की तुम्ही बाहेर जाऊन ओल्या अंगणात उभे राहता. म्हणून मी आता वर चालतच नाही. चालले तर चवड्यांवर, भिंतीच्या कडेकडेनं, श्वास धरून. कोठीही तुमच्या कोपऱ्यावर आणून ठेवली आहे. आवाज येणार नाही याची काळजी मी घेईन. तुम्ही फक्त सोमवारी जाऊ नका.

जया


याच घरात, खालच्या खोलीत
५ जुलै १९५९

सूनबाईस आशीर्वाद.

कागद पेल्याखाली सापडला. अर्ध्या अक्षरांवर चहा आहे, तरी वाचला. उत्तराला आठवडा लागला, कारण माझ्याकडे शाई नव्हती आणि धीरही नव्हता. सोमवारची पॅसेंजर त्या भानगडीत निघून गेली.

त्या कागदानंतर मी बाहेर उठून गेलो नाही, तुला कळलं असेल. तेजराम ड्यूटीवर गेला, तू वर गेलीस, आणि मी खाटेवर तसाच पडून राहिलो. डोळे उघडे, नजर माळ्याच्या फळ्यांवर, पाटांवर. आज सुनेचं पाऊल डोक्यावर पडणार, म्हणून अंग चोरून पडलो होतो. पाऊल पडलंच नाही. वाटलं, आता पडेल. काही नाही. मला वाटलं तू निजलीस. मग वाटलं, बाहेर गेलीस. मग श्रावणातलं आठवलं आणि मी उठून बसलो. हाक मारायला तोंड उघडलं, तर सासऱ्यानं सुनेला नावानं हाक कशी मारायची ते सुचेना. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. गुडघा वाजला. तेवढ्यात वर भिंतीच्या कडेला एक पाट करकरला आणि लगेच थांबला. तेव्हा कळलं, तू वर श्वास धरून उभी आहेस आणि मी खाली श्वास धरून उभा आहे. दोन शहाणी माणसं एका घरात.

असं मी आठवडाभर केलं. तू चवड्यांवर, मी पायरीवर. या वयात मला हे झेपत नाही.

तू श्रावणात हाक मारलीस ती कोणी ऐकली नाही. वाऱ्यात मारलीस तीही कोणी ऐकली नाही. ते वाचून मी घर सोडून इथे आलो. आंब्याच्या दिवसांत, गोऱ्हा देवाजीच्या हवाली करून. खांब सरळ करायला तेजराम पुरला असता, त्याला साखळी होती. मी ऐकायला आलो. आणि तू आवाजच करणार नसशील, तर मी खाली बसलो कशाला?

लाकडाची भीती बाळगू नकोस. कड्या दुहेरी आहेत, पंचा पुन्हा बांधला आहे. हे घर बोलतं, सूनबाई. तेजरामचं पाऊल कोणतं, तुझं कोणतं, ते मला पाटावरून कळतं. तू चवड्यांवर चाललीस तरी एक गोष्ट लपली नाही. तुझं पाऊल गेल्या महिन्यापासून जड पडतं. ती मळमळ साधी नव्हती. हे सासऱ्यानं लिहायचं नसतं, तुझी सासू असती तर तिनं मला कोपरानं ढोसलं असतं. पण ती नाही, आणि तुला आई नाही, तेव्हा मला कळलं आहे हे तुला कळलेलं बरं.

कोठी माझ्या डोक्यावरून हलवायला तेजरामला सांगितलं आहे. तू स्वतः ओढू नकोस. तिथे तुझं अंथरूण घाल, बरोबर माझ्या खाटेच्या वर. उद्यापासून टाच टेकवून चाल. वाटलं तर पाय आपट. रात्री काही लागलं तर हाक मारू नकोस, आवाज जात नाही या भोंग्यांत. टाचेनं पाट ठोक.

पिशवी खुंटीवरून काढली. त्यातलं धोतर दांडीवर वाळत आहे, पाऊस आला तर आत घे.

खाली आहे. ऐकतो आहे.

केवलराम